प्रो डीजे लिंकची पॅकेटं लॅपटॉपवर वाचायची आहेत, पण ५०००२ पोर्टवर शुकशुकाट का?

दिवाबत्ती:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात लाईटचं काम करतो, कॉलेजचे फेस्ट, छोटे क्लब, लग्नातलं संगीत, जे मिळेल ते. माझी जुनी अडचण म्हणजे लाईट बीटवर ठेवणं. आत्तापर्यंत मी कंट्रोलरवर बोटाने टॅप करूनच टेम्पो देत आलोय, पण डीजेने पिचचा फेडर (गाण्याचा वेग बदलणारी सरकपट्टी) जरा हलवला की माझा टॅप घसरतो आणि दोनचार मिनिटांत लाईट अर्धा बीट मागे पडलेले असतात. ऑडिओवरून बीट पकडणारं सॉफ्टवेअरही लावून बघितलं, पण ब्रेकडाउनमध्ये किक (बास ड्रमचा ठोका) बंद झाली की ते पार भरकटतं आणि नेमकं ड्रॉपला, जिथे सगळं एकत्र लागायला हवं, तिथेच चुकतं.

मग एकदा सेट लावताना लक्षात आलं की सीडीजे, म्हणजे पायोनियरचे डीजे प्लेअर, एकमेकांना साध्या लॅनच्या केबलने जोडलेले असतात (हेच प्रो डीजे लिंक) आणि सिंक दाबला की दुसऱ्या प्लेअरला पहिल्याचा बीट बरोब्बर कळतो. म्हणजे मला हवी ती माहिती त्या वायरीतून जातेच आहे. मग ती मला का मिळू नये?

मित्राच्या स्टुडिओत दोन सीडीजे-२००० नेक्सस-२ आणि एक डीजेएम-९०० नेक्सस-२ मिक्सर आहे, त्यांच्या नेटवर्क स्विचमध्ये माझा लिनक्सवाला लॅपटॉप लावला, वायरशार्क (वायरीतली पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू केलं आणि रात्रभर बसलो. जे दिसलं ते असं. सगळं यूडीपी आहे, म्हणजे पोच न मागता सोडून दिलेली पॅकेटं. ५०००० पोर्टवर प्रत्येक यंत्र साधारण दीड सेकंदाला एक पॅकेट सोडतं, ५४ बाइटचं, त्यात यंत्राचं नाव साध्या अक्षरांत वाचता येतं. आणि सगळी पॅकेटं हेक्समधल्या (सोळाच्या पटीत मोजणाऱ्या आकड्यांतल्या) याच दहा बाइटांनी सुरू होतात: ५१ ७३ ७० ७४ ३१ ५७ ६डी ४ए ४एफ ४सी. प्ले दाबलं की ५०००१ वर प्रत्येक बीटला एक पॅकेट येतं, ९६ बाइटचं. ते पहिल्यांदा किकच्या ठोक्याबरोबर स्क्रीनवर उमटताना बघितलं तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते आणि झोप कुठल्या कुठे उडाली.

आता अडलंय कुठे ते सांगतो. एक, मी वाचलं होतं की प्लेअरची सगळी स्थिती ५०००२ वर येते, माझ्याकडे तिथे एकही पॅकेट नाही. दुसरं, १२८ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२८ बीटचं, गाणं लावलं तर बीटच्या पॅकेटमध्ये शेवटाकडे ३२ ०० सापडलं, म्हणजे दशमानात १२८००, म्हणजे १२८.०० गुणिले शंभर, मी खुश, पण फेडर अधिक ६ टक्क्यांवर नेला तरी ते ३२ ०० च राहतं, हलतच नाही. तिसरं, काही गाण्यांना बीटची पॅकेटं येतच नाहीत, गाणं वाजतंय पण ५०००१ वर बीटचं नाव नाही. आणि जमलं तर गाण्याचं नाव एलईडी स्क्रीनवर टाकायचंय, ते कुठून मिळेल?

शेवटचं, हे असं पॅकेट उघडून बघणं कायद्यात बसतं का? मित्राला त्याची जरा धास्ती आहे, सेट त्याचा आहे आणि महागाचा आहे.

---

फोंडेकर:

भावा, तयार सॉफ्टवेअर आहे ना. डीप सिमेट्री नावाने चालणाऱ्या प्रकल्पाचं बीट लिंक ट्रिगर, मुक्त स्रोत, फुकट, जावावर चालतं म्हणून विंडोज, मॅक, लिनक्स कुठेही उघडतं. प्लेअर ओळखतो, बीट दाखवतो, वेव्हफॉर्म दाखवतो, त्यातून दुसऱ्या यंत्रांना मिडी किंवा ओएससीने निरोप पाठव, टेम्पो जुळवणाऱ्या एबलटन लिंकला टेम्पो जोड. मी इथे गोव्यात दोन सीझन तेच वापरतोय. स्वतः पॅकेट फोडत बसलास तर सीझन संपेल तरी तुझे लाईट टॅपवरच असतील.

---

दिवाबत्ती:

ते माहितीये दादा आणि डाउनलोडही केलंय, चालतंही छान. पण मला ते एका रास्पबेरी पायवर (तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर) बसवून, स्क्रीनशिवाय, लाईटच्या पेटीतच कायमचं ठेवायचंय. आणि खरं सांगायचं तर मला कळून घ्यायचंय. शोमध्ये काही बिघडलं तर कुठे बघायचं हे आपल्याला माहीत असावं असं वाटतं.

---

सोल्डरताई:

तुमचा मुद्दा मला पटला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी एम्बेडेडमध्ये काम करते, डीजे नाही, पण माझ्या भावाकडे जुने नेक्सस आहेत आणि लॉकडाउनमध्ये मी हेच सगळं उकरत बसले होते.

५०००२ का गप्प आहे, तर ५०००० आणि ५०००१ वरचं तुम्हाला दिसतं ते ब्रॉडकास्ट असतं, गावात दवंडी पिटल्यासारखं, ज्याला कान आहेत त्याने ऐकावं. पण स्थितीचं पॅकेट प्रत्येक यंत्र दुसऱ्या प्रत्येक यंत्राला त्याच्या पत्त्यावर वेगळं पाठवतं. तुमच्या लॅपटॉपने "मी इथे आहे" असं कधी सांगितलेलंच नाही, मग त्याला पाठवणार कोण? आणि स्विच असल्यामुळे दोन प्लेअरमधलं आपापसातलं बोलणंही तुमच्या वायरीवर येत नाही. ज्यांच्याकडे मॅनेज्ड स्विच आहे ते पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या पॅकेटांची प्रत दुसऱ्या पोर्टवर) लावून ते बघतात, सुरुवातीला मीही तसंच बघितलं आणि तिथूनच कळलं की पत्ता लिहिलेली पत्रं जातायत.

म्हणून उपाय सरळ आहे, तुम्हीच एक खोटा सीडीजे व्हा. जे ५४ बाइटचं पॅकेट दीड सेकंदाला दिसतंय तसंच एक तुम्ही बनवा आणि दीड सेकंदाला सोडत राहा. तेच दहा बाइट सुरुवातीला, त्यानंतरचा बाइट पॅकेटचा प्रकार सांगतो, या हजेरीच्या पॅकेटला तो ०६ असतो. मग एक शून्य बाइट, मग २० बाइट नावासाठी, उरलेली जागा शून्यांनी भरायची. पुढे हेक्स २४ व्या जागी तुमचा प्लेअर नंबर, २६ पासून सहा बाइट मॅक पत्ता, २सी पासून चार बाइट आयपी. बाकीचे बाइट खऱ्या प्लेअरच्या पॅकेटमधून जसेच्या तसे उचला. खरा सीडीजे चालू होताना याआधी आणखी काही पॅकेटं सोडतो, नंबर मागण्याची, प्रत्येक तीन तीनदा, पण नुसतं ऐकायचं असेल तर माझ्या भावाच्या प्लेअरवर हजेरीचं पॅकेटच पुरलं. दुसऱ्या क्षणी ५०००२ वर जो पूर आला ना, प्रत्येक प्लेअरकडून साधारण २०० मिलिसेकंदाला एक पॅकेट, मी खुर्चीतून उठून भावाला उठवायला गेले.

आता पिच. ३२ ०० हा गाण्याचा मूळ टेम्पो आहे, गाणं जसं रेकॉर्ड झालंय तसा. फेडरचा आकडा वेगळा येतो, त्याच पॅकेटमध्ये थोडा आधी, हेक्स ५५ पासून तीन बाइट बघा. फेडर मधे असताना तिथे १० ०० ०० असतं, म्हणजे दशमानात १०४८५७६, हा "जसं आहे तसं" चा आकडा. पूर्ण थांबलं की शून्य, दुप्पट वेग म्हणजे २० ०० ००. अधिक ६ टक्क्यांना तुम्हाला १० एफ५ सी२ च्या आसपास काहीतरी दिसेल. त्याला १०४८५७६ ने भागा, १.०६ येईल, त्याने १२८ ला गुणा, १३५.६८. हाच तुमचा खरा टेम्पो, लाईटला हा द्यायचा.

आणि बीट न येणारी गाणी ही बहुतेक रेकॉर्डबॉक्समध्ये (पायोनियरचं गाणी तयार करायचं सॉफ्टवेअर) ॲनालाइज न केलेली असणार. प्लेअर बीट स्वतः ऐकून पाठवत नाही, ते पेनड्राइववर आधीच तयार करून ठेवलेल्या बीटग्रिडवरून, म्हणजे गाण्यात कुठला बीट कुठे पडतो त्या यादीवरून, पाठवतो. ग्रिडच नाही तर पॅकेट कुठून येणार. शोच्या आधी डीजेला एवढंच सांगायचं की गाणी रेकॉर्डबॉक्समधून एक्स्पोर्ट करून आण, नुसती कॉपी मारू नकोस.

एक मात्र मनापासून सांगते, मी आत्ता सांगितलेल्या जागा पाठ करू नका, स्वतः शोधून बघा, कारण नवीन मॉडेल आलं की हीच सवय कामाला येते. माझी पद्धत फार साधी होती. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. प्लेअर ठेवला थांबवलेला, स्थितीची पन्नास पॅकेटं घेतली, एकाखाली एक ठेवली, आपोआप बदलणारे बाइट, मोजणी वगैरे, बाजूला काढले. मग फक्त प्ले दाबलं. हेक्स ८९ व्या बाइटमध्ये ८४ चं सी४ झालं. मग मिक्सरवर त्या चॅनलचा फेडर वर केला, सी४ चं सीसी झालं. फेडर खाली, परत सी४. असं आठदहा वेळा वर खाली केलं, भाऊ म्हणाला तुला वेड लागलंय. पण बायनरीत लिहून बघा, एकेक बिट म्हणजे एकेक दिवा आहे. एक बिट चालू आहे की नाही सांगतो, एक टेम्पो मास्टर आहे का, म्हणजे बाकीचे याच्या वेगाला जुळतात का, एक सिंक आहे का, आणि हा शेवटचा म्हणजे ऑन एअर, लोकांना हा प्लेअर आत्ता ऐकू येतोय का. तुमच्या लाईटसाठी तो सोन्यासारखा आहे, कारण हेडफोनमध्ये डीजे काय शोधतोय त्याच्याशी तुमच्या दिव्यांचा काही संबंध नाही.

हे सगळं मी शोधून झाल्यावर डीप सिमेट्रीचा अभ्यास वाचला, डिसेंट्री नावाच्या त्यांच्या प्रकल्पात प्रत्येक पॅकेटचं चित्र काढून, बाइटबाइटला नाव देऊन ठेवलंय, आणि मला महिना लागला ते तिथे एका पानात होतं. मला वाईट नाही वाटलं, उलट ते पान मला एका दमात वाचता आलं कारण हात काळे झालेले होते.

---

फोंडेकर:

ताई भारी लिहिलंय, मी वापरतो पण आतलं एवढं मला ठाऊक नव्हतं.

दिवाबत्ती, एक गोष्ट लिहून ठेव, नंबर. मी सुरुवातीला हौसेने लॅपटॉपला प्लेअर नंबर २ देऊन बसलो होतो, स्टुडिओत दोन नंबरचा प्लेअर नव्हता म्हणून चाललं. मग तेच सेटिंग घेऊन एका पार्टीला गेलो, अंजुण्याला. माझा लॅपटॉप आधीच चालू, नंतर साऊंडवाल्याने डेक चालू केले, दुसरा डेक हाताने नंबर २ वर सेट केलेला, तो लिंकमध्ये येईचना, नंबर वापरात आहे म्हणून अडला. डीजेचा पेनड्राइव पहिल्या डेकला होता आणि तो दुसऱ्या डेकवर दिसेना. दारं उघडायला दहा मिनिटं, सगळे केबल बदलतायत, स्विच बदलतायत, आणि कारण माझी पेटी. मी केबल काढली तेव्हा सगळं जागेवर आलं. त्या साऊंडवाल्याला मी जाऊन सांगितलं की माझ्यामुळे झालं, तो बरा माणूस, पण तेव्हापासून मी दरवेळी आधी सगळे डेक चालू होऊ देतो आणि मगच माझी केबल लावतो, ते पण त्यांना विचारून.

नुसतं ऐकायला १ ते ४ मधला नंबर लागत नाही. सीडीजे-३००० आल्यापासून सहा प्लेअर लागतात म्हणून ५ आणि ६ पण सोड, ७ घे. मिक्सर स्वतः ३३ नंबरवर असतो.

दुसरा खड्डा, तुझ्या लॅपटॉपला वायफाय पण आहे आणि केबल पण. ब्रॉडकास्ट कुठून जातंय बघ. डीजेच्या स्विचवर राउटर नसतो, त्यामुळे सगळ्या यंत्रांनी स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतलेला असतो, तुझ्या केबलला पण तसाच मिळायला पाहिजे आणि पॅकेट १६९.२५४.२५५.२५५ वर सुटलं पाहिजे. नाहीतर तुझा खोटा सीडीजे घरच्या वायफायवर ओरडत बसेल आणि डेकला पत्ताच नाही. विंडोज असेल तर फायरवॉल पण तपास.

---

दिवाबत्ती:

सोल्डरताई, फोंडेकर दादा, तुमचे दोघांचे खूप आभार. काल रात्री परत गेलो स्टुडिओत. पायथनमध्ये साठेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. पहिला तासभर काहीच नाही, मग दादांचं वायफायचं वाचलेलं आठवलं, वायफाय बंद केलं, आणि ५०००२ वर धो धो.

पिचचं अगदी ताई म्हणाल्या तसं, १० ०० ०० वरून फेडर हलवला की आकडा हलतो. बीटच्या पॅकेटमध्येच एक बाइट १, २, ३, ४, १, २, ३, ४ असा फिरतो तो पण सापडला, हेक्स ५सी ला. म्हणजे बारमधला कितवा बीट ते! पहिल्या बीटला पांढरा झटका आणि बाकी तिघांना रंग असं करून बघितलं, एका एलईडी पारवर (रंग बदलणारा स्टेजचा दिवा), खोलीत अंधार करून. मित्र उगाच फेडर वर खाली करून फसवायला बघत होता, दिवा हलला नाही.

पण एक गोंधळ आहे, मिक्सरकडूनही बीटची पॅकेटं येतात आणि त्याचा १-२-३-४ प्लेअरशी जुळत नाही. कुठला खरा धरायचा?

---

सोल्डरताई:

प्लेअरचा. मिक्सरच्या १-२-३-४ वर विसंबू नका, त्याला बार कुठून सुरू होतो हे नीट माहीत नसतं, तो आपला मोजत राहतो. टेम्पो मास्टर कोण आहे ते स्थितीच्या पॅकेटमधून बघा आणि त्याच प्लेअरचे बीट घ्या. मास्टर बदलला की दिव्यांनीही धनी बदलायचा.

आणखी एक, स्थितीच्या पॅकेटची लांबी सगळ्या मॉडेलची सारखी नसते. जुन्या नेक्ससवर २१२ बाइट येतात, सीडीजे-३००० वर ५१२. म्हणून वाचायच्या आधी लांबी तपासा, नाहीतर जुना प्लेअर समोर आला की तुमचा प्रोग्राम नसलेला बाइट वाचायला जाऊन मरेल, आणि तो नेमका शोमध्येच मरतो.

गाण्याचं नाव मघाशी राहिलं होतं. ते या यूडीपीत कुठेच नसतं. स्थितीच्या पॅकेटमध्ये तुम्हाला फक्त तीन गोष्टी कळतात, गाणं कुठल्या प्लेअरच्या माध्यमातून उचललंय, कुठल्या खाचेतून, एसडी की यूएसबी, आणि त्या पेनड्राइवच्या डेटाबेसमधला त्याचा क्रमांक, चार बाइटचा, हेक्स २सी पासून. नाव विचारायला दुसरं दार आहे, टीसीपीचं, म्हणजे आधी जोडणी करून मग बोलायचं. आधी प्लेअरच्या १२५२३ पोर्टवर जायचं आणि "रिमोटडीबीसर्व्हर" हा शब्द इंग्रजी अक्षरांत पाठवायचा, १४ अक्षरं आणि शेवटी एक शून्य असे १५ बाइट, त्याआधी चार बाइटमध्ये १५ हा आकडा. उत्तरात दोन बाइट येतात, तो खऱ्या डेटाबेस सर्व्हरचा पोर्ट. मग त्या पोर्टवर प्रश्नोत्तरं. तिथला प्रत्येक निरोप ११ ८७ २३ ४९ एई ने सुरू होतो. नाव, गायक, कव्हरचं चित्र, वेव्हफॉर्म, बीटग्रिड, सगळं मिळतं.

पण गोम अशी की नेक्ससच्या प्लेअरला हा प्रश्न विचारणारा १ ते ४ मधलाच लागतो. तुमच्याकडे दोनच डेक आहेत म्हणून ३ किंवा ४ घेऊन जमेल. चार खरे डेक असतील तर जागाच नाही. तिथे डीप सिमेट्रीच्या क्रेट डिगरने जी वाट काढलीय ती मला या सगळ्या प्रकारातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. प्लेअर एकमेकांच्या पेनड्राइववरची गाणी वाजवतात, म्हणजे फाइल कुठूनतरी देतातच. तर ते देतात एनएफएसने, दुसऱ्या आवृत्तीच्या, १९८० च्या दशकातल्या, युनिक्सवाल्यांचा तो जुना फाइल सर्व्हर. फक्त फोल्डरची नावं यूटीएफ-१६ मध्ये (अक्षराला दोन बाइट) द्यावी लागतात, म्हणून नेहमीचा एनएफएस क्लायंट तिथे चालत नाही. एनएफएसला तुमचा प्लेअर नंबर किती हे विचारायचं कारणच नाही. मग पेनड्राइववरची एक्स्पोर्ट डॉट पीडीबी ही एकच फाइल आधी खाली उतरवायची आणि नाव आपल्याच लॅपटॉपवर शोधायचं. त्या फाइलची रचनाही लोकांनी हेक्स बघून बघूनच सोडवलीय. आज मिक्स हे मुक्त डीजे सॉफ्टवेअर रेकॉर्डबॉक्सचा पेनड्राइव वाचतं ते त्याच कामाच्या जोरावर.

---

कायदेकानू:

तांत्रिक भाग माझ्या डोक्यावरून गेला, पण कायद्याचा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहितो, मी वकिली करतो. आपल्या प्रताधिकार कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२ मध्ये कुठल्या कृतीने प्रताधिकाराचा भंग होत नाही याची यादी आहे. १९९९ च्या दुरुस्तीने त्यात (१)(एबी) हा खंड घातला गेला. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा, की तुमच्याकडे प्रोग्राम कायदेशीर मार्गाने आलेला असेल, आणि तुम्ही स्वतंत्रपणे बनवलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून चालवण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ती कृती करायला हरकत नाही. त्याच्या पुढचाच खंड (एसी) प्रोग्राम चालत असताना त्याचं निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करायला परवानगी देतो, त्यामागची तत्त्वं समजून घेण्यासाठी.

तुमच्या बाबतीत तर तुम्ही यंत्रातला प्रोग्राम उघडतही नाही आहात, तुमच्या मित्राच्या स्वतःच्या नेटवर्कवर, त्याच्या परवानगीने, वायरीतून काय जातंय ते बघताय. मित्राला निर्धास्त राहायला सांगा. काळजी दोन ठिकाणी घ्यायची. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना मान्य केलेल्या करारात काय लिहिलंय ते वेगळं असतं, ते वाचावं. आणि दुसऱ्याच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या नेटवर्कला न विचारता केबल लावणं हा वेगळा विषय होतो, तिथे फोंडेकर म्हणतात तसं विचारूनच. कव्हरचं चित्र आणि गाणी उतरवून साठवणं यालाही जुळवणीचं कारण लागू होणार नाही, तेवढं टाळा.

---

प्राइमवाला:

माझ्याकडे डेननचे प्राइम प्लेअर आहेत म्हणून थोडं त्या बाजूचं सांगतो, कारण क्लबात दोन्ही भेटतात आणि पेटी दोन्हीकडे चालली तर बरं. त्यांच्या प्रोटोकॉलला स्टेजलिंक म्हणतात. तो शोधायला तुमच्यापेक्षा सोपा होता असं माझं मत आहे, सगळं जवळजवळ वाचता येतं. यूडीपी ५१३३७ वर हजेरी, पॅकेटची सुरुवात एअरडी या चार अक्षरांनी, आलो सांगायला "डिस्कव्हरर हाउडी" आणि निघताना "डिस्कव्हरर एक्झिट". पुढे टीसीपी. तिथे काय काय ऐकायचंय त्याचा रस्ता तुम्ही लिहून द्यायचा, फाइलचा पाथ असतो तसा, इंजिन, मग डेक१, मग प्ले. मग तिथे बदल झाला की तो तुम्हाला कळवतो. गाण्याचं नाव पण असंच मिळतं, वेगळ्या दारातून जायला नको.

मी पहिल्यांदा वायरशार्कमध्ये बघितलं तेव्हा अक्षरांच्या मधेमधे टिंबं दिसली, मला वाटलं काहीतरी कोड आहे, दोन दिवस डोकं खाल्लं. यूटीएफ-१६ होतं, प्रत्येक अक्षराआधी एक शून्य बाइट. ताईंच्या एनएफएसच्या गोष्टीत तेच वाचून मला गंमत वाटली. असं टिंब अक्षर टिंब अक्षर दिसलं की आधी हाच संशय घ्या.

याच्यावर पण गो, जावास्क्रिप्टमध्ये लोकांनी मुक्त लायब्ररी लिहिल्यात. हवं तर मी माझ्या प्लेअरची कॅप्चर फाइल पाठवतो, बीटची सेवा चालू ठेवून घेतलेली.

---

फोंडेकर:

कॅप्चरवरून आठवलं, सीडीजे-३००० असेल तर त्याच्यावर बीटच्या पॅकेटवर विसंबायची पण गरज नाही. तो गाण्यातली नेमकी जागा साधारण दर ३० मिलिसेकंदाला सांगतो, ५०००१ वरच. जुन्यावर डीजेने मागे पुढे स्क्रॅच केलं, लूप मारला की आपल्याला बीटग्रिड घेऊन अंदाज बांधावा लागतो, ३००० वर अंदाज नाही, थेट आकडा. इथल्या मोठ्या जागांवर हल्ली तेच असतात.

---

दिवाबत्ती:

उशिरा लिहितोय, मधे गणपती होते, विसर्जनापर्यंत श्वास घ्यायला वेळ नव्हता.

पेटी झाली. रास्पबेरी पाय, त्यावर माझा प्रोग्राम, नंबर ७, आणि तो क्यूएलसी प्लसला (लाईट चालवणारं सॉफ्टवेअर) ओएससीने बीट देतो, क्यूएलसी प्लस दिव्यांना. सोल्डरताई म्हणाल्या तसं मी जागा नुसत्या उतरवून घेतल्या नाहीत, प्ले, फेडर, सिंक, मास्टर, सगळे बिट एकेक करून स्वतः हलवून बघितले आणि वहीत लिहिले. ८९ व्या बाइटचं पान आता इतकं खोडलंय की फाटायला आलंय. गाण्याचं नाव पण येतंय, नंबर ३ घेऊन, पण ते फक्त मित्राच्या स्टुडिओत, बाहेर मी ३ वापरत नाही. बाहेरसाठी एनएफएसचं शिकतोय.

परवा शनिवारी एका छोट्या क्लबात पहिल्यांदा लावली. आधी साऊंडवाल्याला विचारलं, काय आहे ते दाखवलं, सगळे डेक चालू झाल्यावर केबल लावली. रात्री साडेबाराच्या सुमारास डीजेने लांबलचक ब्रेकडाउन घेतला, किक नाही, नुसता एक पॅड आणि वर माणसांचा आवाज, जवळजवळ दीड मिनिट. नेहमी या जागी माझं बोट टॅपवर तयार असतं आणि पोटात गोळा असतो. या वेळी मी हात खिशात घातले. पायवरचा छोटा हिरवा दिवा १-२-३-४ मोजत होता, हॉलमध्ये बीट कुठेच ऐकू येत नव्हता. ड्रॉप आला आणि बावीसच्या बावीस पार त्याच ठोक्याला पांढरे झाले. डीजेने मान वळवून माझ्या टेबलाकडे बघितलं.

प्राइमवाला, ती कॅप्चर फाइल नक्की पाठवा. आणि ताई, मित्राच्या नेक्सस-२ वर लूप चालू असताना मला दोन बाइट असे हलताना दिसले की ज्यांचा अर्थ डिसेंट्रीच्या पानावर मला सापडला नाही. मी लूप चार बीट, दोन बीट, एक बीट असा छोटा करत पॅकेटं जमवलीत, प्रत्येकाची वेगळी फाइल, नावात लूपची लांबी लिहून. त्यांच्याकडे पाठवायच्या आधी तुम्ही एकदा नजर टाकाल का?

---

सोल्डरताई:

पाठवा, आजच बघते. सोबत प्लेअरचा फर्मवेअर आवृत्तीचा आकडा लिहा, तो नसेल तर पहिला प्रश्न तोच येईल. आणि लूप बंद असतानाचीही एक फाइल द्या, त्याच गाण्याची, त्याच जागेवरची.